देवापुढची किल्ली

"आजपासून हिची आंघोळ तू घाल," आत्या म्हणाल्या आणि हातातला तांब्या त्यांनी बादलीशेजारी उपडा ठेवला.

मी जुईला काखेत घेऊन न्हाणीघराच्या दारात उभी होते. अंगाला तेल लावून झालेलं, त्यामुळे ती मासोळीसारखी निसटत होती आणि आजीकडे झेपावत होती.

"का? काय झालं?"

"काय व्हायचंय? पाणी काढलंय. गार होईल."

"कंबर दुखतीय का तुमची?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. तुझी पोर हाय, तू घाल."

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडे तीच रीत. जुई जन्मली तेव्हापासून तिची आंघोळ आत्यांचीच. पाटावर बसून पाय लांब करायच्या, पोर पायांवर पालथी, आणि "हे पाणी कृष्णामाईचं, हे पाणी वारणामाईचं" करत एकेक तांब्या. पहिला थेंब आधी स्वतःच्या मनगटावर. माझी आई बाळंतिणीला बघायला आली तेव्हा तिलासुद्धा त्यांनी हात लावू दिला नव्हता. "तुम्ही पाहुण्या. चहा घ्या," म्हणाल्या होत्या.

आणि आता 'तुझी पोर'.

दसरा होऊन एकच दिवस झाला होता. मला जी धास्ती वाटली ती आंघोळीची नव्हती, हे आधी सांगून टाकते. दिवाळी झाली की मला मिरजेहून रोज सांगलीला जायचं होतं. कॉलेजात मला शिकवलेल्या देशिंगकर सरांनी तिथे शाळेच्या पोरांसाठी एक छोटं विज्ञान केंद्र काढलं होतं. त्यांना हवा होता एक लेझर प्रोजेक्टर. काळ्या घुमटावर सगळ्या रंगांच्या रेघांनी चित्रं काढणारा. "बाजारात मिळतात ते मिरवणुकीतले," सर म्हणाले होते. "मला पोरांना नाचवायचं नाही गं स्वरूपा. वर्तुळ बघता बघता लांबट कसं होतं, ते दाखवायचंय. करशील तू? तू केलास तर तो चालवायलाही तूच ये."

त्यासाठी दोन गोष्टी जमायला हव्या होत्या. यंत्र चाललं पाहिजे, आणि मागे जुईला कुणीतरी सांभाळलं पाहिजे. दुसऱ्या गोष्टीचं मला विचारावंही लागलं नव्हतं. श्रावणात कोथिंबीर निवडता निवडता आत्याच म्हणाल्या होत्या, "जा की. मी हाय."

आता तांब्या उपडा.

मी जुईला आंघोळ घातली. पाणी नाकात गेलं, ती किंचाळली. बाहेरच्या खोलीत आत्या होत्या, पण आत डोकावल्या नाहीत.

यंत्र मी घरातच करत होते. गॅलरी बंद करून केलेली एक चिंचोळी खोली आहे, तिथे. ॲल्युमिनियमची पेटी, शिवणयंत्राच्या झाकणाएवढी. आत तीन लेझर: तांबडा, हिरवा, निळा. समोर तिरक्या बसवलेल्या चिमुकल्या काचा. एक रंग आरपार जाऊ द्यायचा, दुसरा वळवायचा, असं करत करत तिन्ही किरण एकाच रेषेत आणायचे. बरोबर जुळले की तिन्ही रंग नाहीसे होतात आणि भिंतीवर एकच पांढरा ठिपका उरतो. स्क्रू केसभर जास्त फिरला की त्या पांढऱ्याची शिवण उसवते, एका बाजूनं तांबडी कड बाहेर येते. पुढे नखाएवढे दोन आरसे. एक आडवा थरथरतो, एक उभा, इतक्या वेगानं की ठिपक्याची रेघ होते आणि रेघेचं फूल.

हे सगळं जुई दुपारची झोपली की. एक हात स्क्रूवर, एक कान पाळण्याकडे. तिचं पहिलं खरं हसू आणि भिंतीवरचा तो पहिला पांढरा ठिपका एकाच आठवड्यातले. दोन्हींतलं जास्त काय आवडलं, असं मला कुणी विचारू नये.

हा खेळण्यातला लेझर नव्हता. किरणात काळा कागद धरला तर धूर यायचा. म्हणून माझे नियम कडक. डोळ्यांना खास चष्मा, दार बंद, आत कुणी यायचं नाही. आरसे थांबले तर किरण आपोआप तोडणारी जोडणी अजून बसवायची होती. तिचा भाग पुण्याहून यायचा होता. तोवर भरवसा किल्लीवर. किल्ली फिरवल्याशिवाय पेटीत वीज जात नसे, आणि काम झालं की मी ती काढून घेई. ठेवायची कुठे? कपाटं माझा नवरा प्रसन्न उचकटतो, खालचे खण जुई. शेवटी मी ती देव्हाऱ्यात ठेवायला लागले, वरच्या फळीवर, अन्नपूर्णेच्या शेजारी. तिथे उगाच कुणाचा हात जात नाही.

आत्यांना या उद्योगाबद्दल काय वाटतं ते मला कळत नसे. तोंडानं तर त्या टोमणेच मारत. "लेकरू रांगायला लागलं, आता आई दिवे लावणार," असं खालच्या मजल्यावरच्या बायकांना सांगून झालं होतं. दारावर भाजीवाली आली तरी, "हळू बोल बाई, आत आमच्या सूनबाईंची मिरवणूक चाललीय." मी हसायची. पण टोमण्यावर हसलं तरी तो आत जातोच.

त्या दुपारी जुई झोपल्यावर मी खोली उघडली. खंडेनवमीला मी जुईला घेऊन जयसिंगपूरला माहेरी गेले होते, दसऱ्याच्या संध्याकाळी परत आले होते. पेटीत बघते तर पंख्याच्या जाळीत झेंडूची पाकळी. झाकणावर हळदकुंकवाचा ओरखडा, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा. आणि किरण जिथून बाहेर पडतो त्या काचेच्या खिडकीवर बोटांचा तांबूस डाग.

मी बाहेर आले. आत्या पलंगावर बसल्या होत्या.

"आत्या, माझ्या खोलीत गेला होता का?"

"मी कशाला जाईन तुझ्या खोलीत?"

"पेटीवर कुंकू आहे."

"असेल. सणासुदीचं उडतं इकडं तिकडं."

बंद दारातून कुंकू उडत नाही. पण त्या भिंतीकडे बघत बोलत होत्या आणि त्यांचा आवाज असा होता की पुढे विचारवेना. प्रसन्नच्या मोटरसायकलला झेंडूचा हार होता. विळीला, पाट्याला, शिवणयंत्राला कुंकवाची बोटं तशीच होती. माझ्याच पेटीवरची तेवढी पुसलेली. पूजा केली असेल तर पुसायची कशाला? आणि पूजा नसेल तर मग कुंकू कसलं? माझ्या शिकल्यासवरल्या डोक्यात त्या दुपारी उतारा, करणी असले शब्दसुद्धा येऊन गेले. सुनेनं घराबाहेर पडू नये म्हणून बायका काय काय करतात, याच्या जयसिंगपूरच्या गोष्टी आठवल्या. मी स्पिरिटनं काच पुसली आणि दाराला कुलूप लावलं.

नंतरचे दिवस वाईट गेले. आत्यांनी जुईला घेणं सोडलं. ती रांगत पायाशी गेली की उठून आत जायच्या. भरवायचं माझ्यावर, झोपवायचं माझ्यावर. त्यांची भाकरी करपायला लागली. भाकरी ही त्यांची मिजास होती. कुणी मदतीला आलं तर "पापुद्रा सुटायला हात लागतो, हातात मोबाईल असून चालत नाही," म्हणणाऱ्या बाई. मला वाटलं, रागानं करपवतायत. माझ्याशी बोलताना त्या माझ्याकडे बघेनात. माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी नजर. मान जराशी वाकडी. नाक मुरडल्यासारखी.

प्रसन्न दूध संघाच्या ऑफिसात आहे. घरी आला की त्याला शांतता हवी असते, आणि त्या दिवसांत घरात फार शांतता होती.

"आई, तुझं काय बिनसलंय गं दसऱ्यापासून?" त्यानं जेवताना एकदा विचारलं.

"मला काय धाड भरलीय? जेव गुमान."

मी त्याला नंतर गाठलं. "तू नीट विचार ना त्यांना."

"मी विचारलं तर तुझी बाजू घेतली म्हणणार ती. नाही विचारलं तर तिची घेतली म्हणणार तू. मार मलाच."

"सरांना सोमवारपर्यंत कळवायचंय."

"मग पाळणाघर बघू या की एखादं."

"घरात आजी असताना?"

त्यानं खांदे उडवले.

शेवटी मीच बोलले. आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. टरफलं सुपात आणि दाणे जमिनीवर, असं चाललं होतं. तेही मला मुद्दाम वाटलं.

"आत्या, मी नोकरीला जाऊ नये असं वाटत असेल तर तोंडावर सांगा. पोरीवर राग काढू नका."

त्यांचा हात थांबला. "मी तुला जाऊ नको म्हणाले?"

"मग जुईला का घेत नाही?"

"नाही घेत."

"का पण?"

"का म्हणजे? म्हातारी झाले. नाही जमत. स्टेशनजवळ एक पाळणाघर हाय म्हणं. चांगलं हाय म्हणं."

"श्रावणात तुम्ही स्वतः म्हणाला होता."

"तेव्हा म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "आता नाही म्हणते. संपलं."

मी सरांना नकाराचा निरोप लिहिला. पाठवला नाही, पण लिहून ठेवला. खोलीत जाऊन पेटीचं झाकण बंद केलं, तेव्हा घरात कुणी नसतं तर रडले असते. आत्यांना ऐकू जाईल म्हणून नाही रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात जुईचा मऊ भात कालवत होते. बाहेर उन्हाचा चौकोन पडला होता. जुई चटईवर बसलेली, समोर भिंतीला टेकून आत्या. मी वाटी घेऊन दाराशी आले आणि थांबले.

जुईला तेव्हा एक नवीन खोडी सापडली होती. आवाज न करता नाक गोळा करायचं आणि दोन दात दाखवायचे. त्यावर समोरच्यानं हसायचं, असा तिचा हिशेब. तिनं आत्यांकडे बघून नाक गोळा केलं. आत्या अगदी सरळ तिच्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. जुईनं पुन्हा केलं. काहीच नाही. तिसऱ्यांदा करताना तिला मधेच विसरल्यासारखं झालं, आणि खालचा ओठ बाहेर यायला लागला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सुनेवर धरा राग, पण हिनं काय केलंय? मी तोंड उघडणार होते.

तेवढ्यात, आपल्याला कुणी बघत नाही अशा समजुतीनं, आत्यांनी मान हळूहळू वळवली. हनुवटी पार खांद्यापर्यंत नेली. कोंबडी दाणा बघताना करते तशी. आता त्यांचे डोळे खिडकीकडे होते. आणि खिडकीकडे बघत त्या हसल्या.

"अगंबाई! हसतीयस होय गं तू? मला दात दाखवतीयस?"

जुई खिदळली. आत्यांनी मान सरळ केली तसं त्यांचं हसू विझलं. परत वळवली, परत पेटलं. डोळ्याच्या कडेला पोरीला शोधत होत्या त्या. सापडली की हसत होत्या.

मी वाटी कुठे ठेवली ते आठवत नाही. त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले.

"आत्या."

त्या दचकल्या. उठायला लागल्या. मी गुडघ्यावर हात ठेवला.

"माझ्याकडे बघा. सरळ बघा. काय दिसतं?"

"काय दिसायचंय? तू दिसतीस."

"काय काय दिसतं?"

जुई त्यांचं पाऊल धरून वर चढायचा प्रयत्न करत होती.

"पदर दिसतो," त्या म्हणाल्या. "केस दिसतात. कानातलं."

"आणि तोंड?"

"तोंडाच्या जागी राख सांडल्यासारखं हाय."

मला आधी कळलंच नाही. म्हातारपण, साखर, मोतीबिंदू, असलं काहीतरी मी बोलत होते बहुतेक. मग एकदम त्या पुसलेल्या कुंकवाचा अर्थ लागला.

"आत्या, तुम्ही यंत्र चालू केलं होतं?"

"ओरडू नको."

"मी ओरडत नाहीय."

"तू सांगितलं होतंस आत जाऊ नका. लहान पोरासारखं केलं मी." त्या पदराशी चाळा करत होत्या. "नवमीला देव पुसायला घेतले. अन्नपूर्णेजवळ तुझी किल्ली. म्हटलं, बघा, पोरीनं किल्ली देवापुढं ठेवलीय. यंत्राची पूजा व्हावी असं मनात हाय तिच्या. तोंडानं म्हणत नाही, मी चेष्टा करते म्हणून."

मी देव्हाऱ्याकडे बघितलं.

"तू माहेरी. म्हटलं आपणच करू. अंगठ्यानं कुंकू लावलं, फूल वाहिलं, उदबत्ती लावली. आता आमच्या इचलकरंजीला मागाची पूजा झाली की माग एकदा चालवायचा. बंद यंत्राची पूजा करून उठायचं नाही, असं आमचे अण्णा सांगायचे. सुताचा धोटा चार वेळा इकडून तिकडं पळवायचा, मग प्रसाद. म्हणून किल्ली फिरवली."

"मग?"

"मग धुरात एक पांढरी काठी उभी राहिली." त्यांनी हात आडवा धरून दाखवला. "अशी सरळ. इकडच्या भिंतीपर्यंत. उदबत्तीचा धूर तिच्यात नुसता नाचत होता. इतकं देखणं, स्वरूपा... मला वाटलं, पोरीनं हे केलंय? हे? ही कुठून येती म्हणून वाकून बघितलं."

"चष्म्याशिवाय."

"मला काय माहीत चष्म्याचं? मी म्हटलं, तुला लांबचं दिसत नाही म्हणून घालतीस."

"आणि दोन्ही डोळ्यांनी कसं...?"

"उजव्यापुढं काळं आलं. मला वाटलं बंद पडलं यंत्र. बिघडवलं मी तुझं. म्हणून डाव्यानं बघितलं, चालू हाय का."

जुईनं शेवटी त्यांचा गुडघा गाठला होता. आत्यांनी तिला उचललं नाही. तिच्या पाठीवर तळवा फक्त ठेवला, पडू नये इतका.

"सांगितलं का नाही मला?"

"काय सांगायचं? सून नको म्हणाली तरी गेले आणि डोळे घालवून आले? लाज वाटत नाही होय माणसाला?" मग जरा थांबून, "आणि प्रसन्नला कळलं असतं तर त्यानं ते यंत्र कृष्णेत टाकलं असतं. तू घरात बसली असतीस. मला वाटलं उतरेल चार दिसांत. उतरलंच नाही. मग आंघोळीचं पाणी अंदाजानं घालायचं होय पोरीला? नाकात गेलं असतं, डोळ्यात गेलं असतं. तोंडच दिसत नाही तिचं. म्हणून नाही म्हणाले. तू रागावलीस. रागावली तर रागावली म्हटलं."

मी त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय आखडून घेतले. "हे कशाला आता? उठ. भात गार झाला असेल तिचा."

डोळ्यांचा डॉक्टर तरुण होता, नम्र होता. डोळ्यांत थेंब घालून, यंत्राला हनुवटी टेकवून त्यानं दोन्ही डोळे पुन्हा पुन्हा बघितले आणि खुर्ची मागे सरकवली.

"आजी, कशाकडे बघत होता?"

"सूर्याकडं," आत्या लगेच म्हणाल्या. "अर्घ्य देते मी सकाळी."

"सूर्यानं असा डाग पडत नाही. वेल्डिंग वगैरे?"

"हां. वेल्डिंगच. आमच्या खाली गेटाचं काम चाललं होतं."

"लेझर," मी म्हणाले. "मी केलेला. घरी."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मांडीवरच्या जुईकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मनाला लागेल असं तो काहीच बोलला नाही. "तुम्ही केलेला? घरी?" एवढंच. जुईच्या डोळ्यांवर मी नकळत हात धरला होता, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

त्यानं कागदावर गोल काढून मधे टिंब गिरवलं. हे मधलं गेलंय, म्हणाला. वाचणं, सुईत दोरा, चेहरे हे सगळं या टिंबानं होतं. कडा शाबूत आहेत. चालता येईल, घरात वावरता येईल. डावा थोडासा सुधारेल कदाचित. उजव्याची आशा धरू नका.

रिक्षात आत्या माझ्यावर चिडल्या.

"कशाला सांगितलंस? वेल्डिंगवर भागलं होतं की!"

"औषध द्यायला खरं कळायला नको का त्यांना?"

"औषध काय दिलं मग? थेंब! थेंब वेल्डिंगलाही दिले असते." जरा वेळानं म्हणाल्या, "आता घरी तोंड उघडू नको. मी सांगते प्रसन्नला."

पण त्यांना सांगावं लागलं नाही, मीच सांगितलं. प्रसन्ननं ऐकून घेतलं. आईसमोर उकिडवा बसला आणि तिच्या डोळ्यांपुढे बोटं नाचवत "हे दिसतं? हे?" असं विचारत राहिला. त्या वैतागून म्हणाल्या, "दिसतं रे, बोटं दिसतात, तुझं थोबाड दिसत नाही, बरंच हाय." तो हसला नाही. उठला आणि सरळ गॅलरीतल्या खोलीकडे गेला. मी अडवलं नाही. मला ते यंत्र त्याच्या आधी मीच फोडावंसं वाटत होतं.

"प्रसन्न!" आत्या ओरडल्या. "माझी पूजा झालीय त्याची. हात लावायचा नाही."

"आई, तुझे डोळे गेले त्याच्यानं!"

"माझे गेले ना? मग मी सांगते ते ऐक. मागावरचा धोटा उडून लागला आणि आमच्या काकाचा डोळा गेला. अण्णांनी माग विकला नाही. जाळी बसवली त्याला." मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाच्या पलीकडे बघत, "तू काय बसवणार होतीस ते बसव. आणि त्या सरांना हो म्हणून कळव."

"जुई?" मी विचारलं.

"मला वेळ दे थोडा. शिकते मी तिला बघायला."

त्या शिकल्या. दिवाळी उलटून गेली, सर थांबले. आत्या तिला जवळ घेऊन आधी बोटांनी तोंड चाचपायच्या. भरवताना एक बोट तिच्या ओठावर. आंघोळीला तांब्या गेला आणि वाटी आली. कुठे बसलं की पोर कडेला दिसते, उजेड कुठून हवा, हे सगळं त्यांनी एकेक करून शोधलं. मी बघत होते आणि बघवत नव्हतं. सांगलीला निघाले त्या सकाळी त्यांच्या पाया पडताना मी म्हटलं, "नाही जात मी." त्या म्हणाल्या, "आता गेली नाहीस तर माझे डोळे फुकट गेले, असं म्हणेन मी सगळ्या मिरजेत." त्या बोलल्याप्रमाणे करणाऱ्या आहेत. मी गेले.

यंत्र आता काचेआड आहे, माझ्या नियमांआड आहे, आरसे थांबले की श्वास घ्यायच्या आत किरण तुटतो. घुमटावर वर्तुळ लांबट व्हायला लागलं की पोरं 'ओऽऽ' करतात. मला अजून एकदाही ते ऐकताना नुसता आनंद झालेला नाही. आत्यांना एकदा नेलं होतं. अंधारात मान वळवून त्या बराच वेळ बसल्या. "छान हाय," म्हणाल्या. "पण धूर पाहिजे होता."

जुई आता पहिलीत आहे. मागच्या महिन्यात पालकसभेला आम्ही दोघं गेलो होतो. बाईंनी वह्या दाखवल्या, अक्षराचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, "हुशार आहे, पण एक खोड मोडा तिची. हाक मारली की समोर येऊन उभी राहत नाही. माझ्या खुर्चीच्या बाजूला येते, अगदी खांद्याशी, आणि तिथून बोलते. सगळ्यांशीच तसं. मी कितीदा सांगितलं, समोर उभं राहून बोलावं. घरी कुणी शिकवलंय का असं?"

प्रसन्ननं माझ्याकडे बघितलं नाही.

"जुई," बाई हसत म्हणाल्या, "ये बरं इकडे. आईबाबांना सांग, समोर का नाही उभी राहत?"

जुई आली. बाईंच्या खुर्चीला वळसा घालून डाव्या खांद्याशी उभी राहिली, आणि बाईंना एवढंही कळू नये याचं नवल वाटल्यासारखी म्हणाली, "समोर उभी राहिले तर दिसणार कशी मी तुम्हाला?"

बाईंना हसू आलं. शेजारच्या बाकावरची दोन पालक मंडळीही हसली. मी वहीतल्या अक्षरांकडे बघत राहिले.